दोन कुलाबे आणि एक न झालेले वादळ

रेडिओवर पावसाच्या बातम्या लागल्या की रायगड किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा अजूनही क्षणभर घोटाळा होतो. 'कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इतके मिलिमीटर' असे निवेदक सांगतो. त्यातला कुलाबा असतो मुंबईचा. आमचा कुलाबा म्हणजे अलिबागच्या समुद्रात उभा असलेला किल्ला आणि त्याच्यावरून नाव पडलेला जिल्हा. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तरी साठी ओलांडलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा' असेच सापडेल. या दोन कुलाब्यांचा परस्परांशी एक जुना आणि फारसा कुणाला ठाऊक नसलेला संबंध आहे. तो आहे नोंदी ठेवण्याचा.

मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभी केली. जहाजांना अचूक वेळ मिळावी, हा तिचा मूळ हेतू. पुढे १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. १८९६ मध्ये नानाभाई मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले, आणि ट्रामच्या विजेने चुंबकसूचीची सुई बिघडणार हे त्यांच्या लक्षात आले. मूससाहेबांनी ट्रामशी भांडण मांडले नाही. त्यांनी शांत जागा शोधली. ती सापडली अलिबागला. लोखंडाचा अंशही नको म्हणून पोरबंदरचा दगड वापरून तिथे इमारत बांधली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला नीट जोडता यावा. मला या माणसाचे सगळ्यात मोठे काम हेच वाटते. नवी जागा मिळाली म्हणून जुने आकडे त्याने टाकून दिले नाहीत.

अशा वहीचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर एकच उदाहरण पुरे. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून उसळलेले एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे सुईचे आकडे लिहून ठेवले. त्या आकड्यांचे खरे मोल कळायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. २००३ मध्ये अभ्यासकांनी ते पुन्हा वाचले तेव्हा त्या वादळाच्या ताकदीचा हिशेब मांडता आला. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत याची कल्पनाही नसेल.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. कित्येक पुस्तकांत, याद्यांत आणि लेखांत एक वाक्य आढळते : ६ जून १८८२ रोजी मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले आणि एक लाख माणसे मेली. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळीही हे वाक्य पुन्हा वर आले होते. आकडा मोठा, तारीख नेमकी. माणसाचा सहज विश्वास बसतो. पण जरा हिशेब करून पाहा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. लाखभर माणसे गेली असती तर दर आठांतला एक माणूस गेला असता. एवढी प्रेते पुरायला जागा आणि जाळायला लाकूड कुठून आले असते? १८९१ च्या जनगणनेत तर शहर सव्वाआठ लाखांच्या जवळ पोचलेले दिसते. शिवाय कुलाब्याची वेधशाळा तेव्हा चालू होती, वर्तमानपत्रे होती, तारायंत्रे होती. आमच्या जिल्ह्याचे आणि जंजिरा संस्थानचे सरकारी गॅझेटियर १८८३ मध्ये, म्हणजे अवघ्या वर्षभराने छापून निघाले. खाडीपलीकडे एवढा प्रलय झाला असता तर किनारा कोरडा राहिला असता काय? अलीकडे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा त्या वादळाला समकालीन पुरावाच मिळेना. ते वादळ झालेच नव्हते, असे आता मानले जाते. कुठल्या तरी एका यादीत चुकीची ओळ शिरली असावी आणि प्रत्येकाने ती पुढच्याला उतरवून दिली.

म्हणजे इथे वादळे झालीच नाहीत असे मात्र नाही. मे १६१८ मधल्या वसई-मुंबईच्या वादळाची हकीकत पोर्तुगीजांनी लिहून ठेवली आहे. नोव्हेंबर १८५४ च्या पहिल्या रात्रीच्या वादळाने मुंबई बंदरातली जहाजे फोडली आणि माणसे बुडवली. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला पुन्हा तडाखा बसला. या खऱ्या वादळांची आठवण पुसट झाली आणि न झालेले वादळ पाठ राहिले, ही गंमतच म्हणायची.

वादळांचा अभ्यास वेधशाळेच्या आधीपासून चालू होता. तो समुद्रावरची माणसे करीत होती. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला आला होता; अरब त्याला सैमूर म्हणत. त्या काळापासून या किनाऱ्यावर वाऱ्यांचे ज्ञान शब्दांबरोबर उतरत गेले. मान्सून हा शब्द मूळचा अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ. आपला मोसमही तोच. तुफान अरबीच. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला आपण मतलई वारा म्हणतो. अरब नाविक ताऱ्यांच्या उगवतीवरून दिशा ओळखत आणि उगवतीला 'मतला' म्हणत. आमच्या किनाऱ्यावर जमीन उगवतीलाच. गझलेच्या पहिल्या शेराला आम्ही मतला म्हणतो तो शब्द हाच, आणि तांडेलाच्या तोंडचा मतलई त्याचाच भाऊ असावा असा माझा कयास आहे. भाषातज्ज्ञांनी तो तपासावा. 'सायक्लोन' हा शब्द मात्र नवा. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी तो १८४८ मध्ये रूढ केला, सर्पाच्या वेटोळ्याच्या अर्थाने.

जुन्या दर्यावर्दींचा नियम साधा होता. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. यामागचे शास्त्र आज सांगता येते. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः दोन वेळा होतात. मोसमी पाऊस येण्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि तो गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ऐन पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेने आणि वरचे उलट दिशेने जोरात वाहतात. चक्रीवादळाचा उंच खांब त्यांत उभा राहू शकत नाही, मोडून पडतो. म्हणून १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ते चक्रीवादळ नव्हते. तो मोसमातला नेहमीचा खवळलेला दर्या होता आणि बोट सणाला घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली होती. आमच्याकडे आजही लोक 'रामदास वादळात बुडाली' असेच म्हणतात. वादळ म्हटले की दोष आभाळाचा होतो आणि माणसाकडे बोट राहत नाही.

खरी दगाबाजी ऋतूच्या दोन्ही काठांवर असते. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर बरोबर ८२ वर्षांनी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, 'फयान' हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. तारखेचा योगायोग सोडून द्या, महिना पाहा. समुद्र शांत झाला म्हणून होड्या लांब गेलेल्या असतात. फयानमध्ये कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत.

३ जून २०२० ला आलेले 'निसर्ग' दुसऱ्या काठाचे. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-मुरूडच्या टापूत जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत त्याहून अधिक. इशारा वेळेवर मिळालेला होता, म्हणून माणसे पुष्कळ वाचली. झाडे वाचली नाहीत. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या वाड्यांत नारळ आणि पोफळी काड्या पडाव्यात तशा आडव्या झाल्या. कौले, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. काही गावांत कित्येक आठवडे दिवा लागला नाही. वरून टाळेबंदी. मुंबईला गेलेली पोरे नुकतीच पायी, टेम्पोने घरी आलेली, आणि घराला छप्पर नाही.

मग आला पंचनामा. या शब्दाला आपण कंटाळलो आहोत, पण माझ्या मते आपल्याकडे आपत्तीचा खरा इतिहासग्रंथ तोच आहे. निसर्गनंतर बागायतीची मदत हेक्टरी पन्नास हजार रुपये ठरली. कोकणात हेक्टरात मोजावी अशी वाडी कुणाची? इथे हिशेब गुंठ्यांचा, आणि त्या गुंठ्यांतही भाऊबंदांची नावे. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. झाड मोजताना त्याचे वय आणि ते किती पिढ्यांचे पोट भरत होते, याला रकाना नसतो.

पंचनाम्याचे महत्त्व गारपिटीच्या बाबतीत आणखी पटते. आमच्या किनाऱ्यावर गार ही नवलाईची वस्तू. घाटावर ती दरवर्षीची धास्ती. गार तयार होते ती उंच वाढलेल्या ढगात, वर चढणाऱ्या हवेच्या जोरावर, आणि खाली येताना उबदार दमट हवेत वितळते. किनाऱ्यावर ती पाणी होऊनच पोचते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात दिवसामागून दिवस गारा पडल्या. गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे झोडपून निघाली. पण गारपीट दोन-चार कोसांच्या पट्ट्यात पडते आणि पाऊणतासात संपते. पर्जन्यमापकात पडलेली गार वितळून पावसाचे पाणी होऊन बसते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसे मेली, ती जगातली सर्वाधिक बळींची नोंद मानली जाते. तिथेही मागे राहिली ती मृतांची मोजदाद. गारा वाढल्या की कमी झाल्या, याचे नेमके उत्तर देणे म्हणूनच अवघड जाते. हवा तापते तशी गोठणरेषा वर सरकते, लहान गारा वाटेत विरघळतात आणि ज्या पोचतात त्या मोठ्या असू शकतात, असे शास्त्रज्ञांचे आजचे अनुमान आहे. ते पडताळायला तलाठ्याची जुनी दप्तरे उपयोगी पडतील, वाळवीने ठेवली असतील तर.

चक्रीवादळांबाबत परिस्थिती बरी आहे. पूर्वी समुद्रात वादळ झाले आणि तिथे जहाज नसले तर ते कुणालाच कळत नसे. उपग्रह आल्यावर ही अडचण संपली. तेव्हा जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना डोळे मिटून करता येत नाही. मोजणारे डोळेच वाढले असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी म्हणून उपग्रहांच्याच काळातली, १९८२ ते २०१९ ची वादळे तपासली. त्यांचा २०२१ चा निष्कर्ष असा की या काळाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातली चक्रीवादळे पूर्वार्धापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळे त्याहूनही अधिक. बंगालच्या उपसागरातली मात्र थोडी घटली. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. कारण पाण्याची उष्णता. वादळाला लागणारे इंधन तेच.

पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते इथे दरडी कोसळून गावे गाडली गेली, पण ती बातमी मुंबईच्या पाण्यात बुडाली. १९८९ च्या जुलैत आंबा नदीने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. नकाशावर ही गावे एका दिवसाच्या रपेटीत येतात. एका पर्जन्यमापकावरून तालुक्याचा पाऊस सांगणे म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा करणे खरेच. पण डोंगरातला पाऊस भातासारखा एकसारखा शिजत नाही. वस्तीच्या वरच्या कड्यावर त्या रात्री किती पाणी पडले, हे कित्येकदा कुठेच लिहिलेले नसते.

आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध तांडेल होते. त्यांना तारखा ठाऊक नव्हत्या, पण कुठल्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागले हे ते बोट ठेवून दाखवत. निसर्गनंतर श्रीवर्धनकडच्या काही घरांच्या भिंतींवर मी कोळशाने काढलेल्या अशाच रेघा पाहिल्या, बाजूला तारीख घातलेल्या. पुढच्या दिवाळीत रंगकाम निघेल तेव्हा त्या जातील. ग्रामपंचायतीने त्याआधी त्यांची उंची मोजून एका वहीत उतरवली, तर कामाला मूससाहेबांएवढे यंत्र लागणार नाही. टेप आणि पेन्सिल पुरेल.