लिंडेमनचे तळे आणि आपले दहा टक्के

सुरुवात एका शालेय गणिताने करतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. गवतात दहा हजार ज्यूल ऊर्जा असेल, तर सापापर्यंत किती पोहोचेल? तुमच्यापैकी अनेकांना उत्तर येते. प्रत्येक पायरीला एक शून्य खोडायचे, उत्तर दहा. माझ्या नातीने ते बरोबर काढले आणि खाली लिहिले, ‘लिंडेमनच्या दहा टक्के नियमानुसार.’ मी तत्त्वज्ञानाचा माणूस. कुणी नियम म्हटले की मी विचारतो, तो कळला कसा? म्हणून लिंडेमनचा मूळ निबंध मिळवून वाचला. तर काय, त्यात दहा टक्क्यांचा नियमच नाही!

मग आहे काय? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

कोण कोणाला खातो हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्याकडे मोठा मासा लहान माशाला खातो त्याला मत्स्यन्याय म्हणत, पण तो शब्द राजनीतीतला होता, अराजकाचे वर्णन करणारा. निसर्गाकडे पाहून वेगळा प्रश्न विचारला तो चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने. १९२१ साली विद्यार्थी असताना तो ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर स्पिट्सबर्गनला गेला. तिथे प्राण्यांच्या जाती मोजक्या, त्यामुळे खाण्याचे धागे वेगळे करून पाहता येत. १९२७च्या आपल्या पुस्तकात त्याने विचारले की मोठे शिकारी प्राणी नेहमी थोडेच का असतात? त्याने संख्येचा मनोरा मांडला. तळाशी पुष्कळ, वर मोजके.

पण डोकी मोजण्यात एक अडचण आहे. झाड एक आणि त्यावर सुरवंट हजारो, की मनोरा उलटा झाला! झाड आणि सुरवंट, मासा आणि शेवाळ एकाच वहीत मांडायचे तर सर्वांना चालणारे एकच नाणे हवे. शिवाय १९३५ साली टॅन्स्ले या वनस्पतिशास्त्रज्ञाने परिसंस्थेची कल्पना मांडली होती. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव मिळून एकच व्यवस्था. मग ऊन, पाणी, गाळ हेही त्याच वहीत यायला हवेत.

ते नाणे म्हणजे ऊर्जा. ती वही लिहिली रेमंड लिंडेमनने. जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. सीडर बॉग लेक नावाचे एक उथळ, गाळाने भरत चाललेले तळे त्याने अभ्यासाला घेतले. पाच वर्षे तो शेवाळ, किडे, मासे, गाळ तपासत राहिला; या कामात पत्नी एलेनॉरची त्याला साथ होती. मग हे सगळे त्याने कॅलरीत मांडले. तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला १,१८,८७२ कॅलरी ऊन पडते. त्यातल्या वनस्पतींनी बांधल्या १११.३, म्हणजे हजारातली जेमतेम एक. वनस्पती खाणाऱ्यांकडे गेल्या १४.८. यात त्या त्या पातळीने श्वसनात जाळलेली ऊर्जासुद्धा त्याने हिशेबात धरली आहे.

आता टक्केवारी पाहा. सीडर बॉगमध्ये पहिल्या भक्षकांची १३.३, त्यांना खाणाऱ्यांची २२.३. तुलनेसाठी घेतलेल्या मेंडोटा सरोवरात ८.७, ५.५ आणि १३. दहा कुठे दिसतात का? उलट लिंडेमनचा अंदाज असा होता की वरच्या पातळीवरचे प्राणी अधिक कार्यक्षम असतात. तो पुढे टिकला नाही, ते सोडा.

या निबंधाची कथा चटका लावणारी आहे. येल विद्यापीठात हचिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली तो पूर्ण झाला आणि ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे गेला. दोन्ही परीक्षकांनी नको म्हटले. एवढ्याशा माहितीवर एवढा सिद्धान्त कशाला, असा त्यांचा सूर. त्यांतले एक चान्सी ज्यूडे. मेंडोटाचे आकडे मुळात त्यांच्याच कामातले! हचिन्सन यांनी संपादकांना पत्र लिहून बाजू मांडली आणि अखेर निबंध स्वीकारला गेला. ऑक्टोबर १९४२मध्ये तो छापून आला. लिंडेमन जूनमध्येच यकृताच्या आजाराने गेला होता. वय सव्वीस.

परीक्षकांना मी खलनायक ठरवणार नाही. थोड्या तळ्यांवरून सगळ्या सृष्टीबद्दल बोलू नये, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. गंमत अशी, की तोच दोष पुढे आपण केला. लिंडेमनने तळ्यांचा हिशेब दिला, आपण त्याचा नियम करून टाकला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करू. ऊर्जा एका जीवाकडून दुसऱ्याकडे जाताना काही भाग उष्णता होऊन निसटतो आणि परत वापरता येत नाही. हा खरा नियम, उष्मागतिकीचा. म्हणून पदार्थ चक्राकार फिरतात, ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहते. गळती अटळ, हा नियम. गळती किती, ही माहिती. ती त्या त्या तळ्याला विचारावी लागते. १९९५ साली पाण्यातल्या परिसंस्थांची अठ्ठेचाळीस प्रारूपे एकत्र तपासली गेली. सरासरी आली १०.१ टक्के, पण सुटे आकडे दोनपासून चोवीसपर्यंत. म्हणजे दहा ही सरासरी वाईट नाही, पण ती सरासरी आहे.

यावर काय अडते, असे म्हणाल. हिशेब करा. दोन पायऱ्या चढायच्या आहेत. दर दहा टक्के धरला तर शंभरातला एक भाग वर पोहोचतो. पाच धरला तर पाव, वीस धरला तर चार. सोळा पटींचा फरक! समुद्रातून किती मासे काढावेत हे कुणी असल्या हिशेबावर ठरवणार असेल, तर कोळ्याचे पोट आणि माशांचा साठा दोन्ही त्या एका आकड्यावर टांगलेले आहेत.

नातीला मी उत्तर बदलायला सांगितले नाही. परीक्षेत तेच लिहावे लागेल. एवढेच सांगितले, की लिंडेमनचे देणे दहा हा आकडा नव्हे. ऊन, शेवाळ, मासा आणि गाळ यांचा जमाखर्च एका वहीत मांडता येतो, हे त्याने दाखवले. आकडा प्रत्येक वेळी तळ्यावर जाऊन आणायचा असतो.