तेच गाणे, पुन्हा विकत

मिसरूड फुटण्याच्या वयात कानावर पडलेले गाणे माणसाला जन्मभर सोडीत नाही, हे आपण सारेच अनुभवाने जाणतो. पण त्या एका गाण्यासाठी माणूस जन्मात किती वेळा पैसे मोजतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. आमच्या औरंगाबादेत (2023 पासून हे छत्रपती संभाजीनगर झाले, जुन्या माणसांच्या तोंडी मात्र जुने नावही अजून येते) अशी घरे सापडतील, की ज्यांनी एकच गाणे आधी तबकडीवर घेतले, मग कॅसेटवर, मग सीडीवर, आणि अखेर मुलाने आणून दिलेल्या डब्यातून तेच ऐकले. लोक याला हौस म्हणतात. मला मात्र वाटते, की या घरांनी तेच गाणे चार वेळा घेतलेच नाही. दर खेपेला त्यांच्या हाती थोडे निराळे गाणे पडले, आणि ते कसे, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

मुळापासून पाहू. 1902 साली गेसबर्ग नावाचा गोरा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गोहरजानसारख्या गायिकांचे आवाज त्याने मुद्रित करून नेले. त्या काळापासून जी काळी तबकडी घरोघर गेली ती लाखेची. ही लाख आपल्याच छोटा नागपुरातल्या झाडांवरची. जगभरच्या तबकड्यांना ती पुरत असे. तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई, दहा इंची असली तर एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मावत, आणि दर वाजवणीस पोलादी सुई बदलावी लागे. ज्या बालगंधर्वांना रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेता घेता रात्र पुरत नसे, तेही या तीन मिनिटांत बसविले गेले. बखळ पाणी बाटलीत भरावे तसे!

तबकडी विकत घेणे त्या काळी सामान्य घराचे काम नव्हते. मराठवाड्यात तर नव्हतेच. मनमाडहून येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने शहर मुंबईशी जोडलेले होते खरे, पण राज्य निजामाचे, दरबारी भाषा उर्दू, आणि पुण्या-मुंबईचे मराठी गाणे दूरच्या नातेवाइकासारखे क्वचित भेटे. तरण्या पोरांनी गाणे ऐकले ते चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, सिनेमाच्या पडद्यावर; एका सिंगल चहावर तासभर बसून. निजामी अमदानीतच शहरात एक रेडिओ केंद्र निघाले होते. संस्थान विलीन झाल्यावर, 1 एप्रिल 1950 रोजी, आकाशवाणीने ते आपल्याकडे घेतले. पण काही वर्षांतच ते बंद पडले, आणि आकाशवाणी पुन्हा गावात यायला बराच काळ जावा लागला. त्यातच 1952 साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले बाळकृष्ण केसकर. जन्माने पुणेकर, वृत्तीने शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणापायी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. पोरांनी काय केले? सुई सिलोनवर नेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि सरकारला 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली.

तेव्हा आमच्या गावच्या त्या पिढीची पहिली खरेदीसुद्धा एका अर्थी पुनर्खरेदीच. गाणे फुकट ऐकून आधीच आपले झालेले होते. पहिला पगार झाल्यावर ते घरी आणले एवढेच. आणि घरी आणून फिरवले तो काय! सिनेमात ऐकलेले एखादे कडवेच त्यात नसे. पडद्यावर गाणे चार-पाच मिनिटे चाले, तबकडीत तेवढी जागा नव्हती.

याहून ठळक गोष्ट गीतरामायणाची. 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने ते आठवड्याला एक गीत याप्रमाणे सादर केले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. त्या वर्षी भाद्रपद अधिक आल्यामुळे गीतांची संख्या 56 झाली. ज्यांच्या घरी पुणे लागत होते, त्यांनी ती गीते निरनिराळ्या कंठांतून ऐकली: माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे आणि इतर कितीतरी. ज्या पात्राचे गीत, त्याला साजेसा गळा. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या एकट्या बाबूजींच्या आवाजात. त्या अतिशय गोड आहेत, घरोघर गेल्या, त्यांच्याविषयी वावगे बोलण्याची माझी छाती नाही. परंतु 1955 साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी ज्या स्त्रीकंठातली सीता ऐकून हेलावली होती, तो कंठ तिला या संचात मिळाला नाही. आज गीतरामायण म्हणताच बहुतेकांच्या कानी एकच आवाज येतो, तो या खरेदीमुळे.

एका बाबतीत मात्र ग्राहकाचा फायदाच झाला. लाँग प्लेइंग तबकडी आली आणि रागाला श्वास घ्यायला जागा मिळाली. व्यवसायाने वकील आणि स्वतः भावगीतगायक असलेले जी. एन. जोशी तेव्हा एच.एम.व्ही.मध्ये होते. 1960 च्या सुमारास अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची तबकडी निघाली. एका बाजूस एकच राग.

मग आली कॅसेट, आणि तिने सगळा बाजारच उलटापालटा केला. टू-इन-वन नावाचे यंत्र गल्लीबोळांत पोहोचले. मागणी अफाट, पण जुन्या गाण्यांचे हक्क मुख्यतः ग्रामोफोन कंपनीकडे. तेव्हा 1983 साली निघालेल्या गुलशनकुमारांच्या कंपनीने आणि तिच्यासारख्या इतरांनी एक वाट शोधली. ध्वनिमुद्रण कंपनीचे असले, तरी ठरावीक काळानंतर रॉयल्टी भरून तेच गीत दुसऱ्याकडून गाऊन घेण्यास 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मुभा होती. मग काय, रफी-मुकेश यांची गाणी नव्या गळ्यांतून निम्म्या किमतीत मिळू लागली. वेष्टनावर मूळ गायकाचे चित्र मोठे, आताच्या गायकाचे नाव बारीक. तरुणपणीचे गाणे म्हणून कॅसेट उत्साहाने घरी न्यावी, बटण दाबावे, आणि दुसऱ्याच ओळीला कपाळाला आठी पडावी! ही आठी मी अनेक घरांत पाहिली आहे. पण त्याच घरांतली लहान मुले तेच ऐकून मोठी झाली, आणि आज त्यांना ती नक्कलच अस्सल वाटते. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

सीडीने खरखर पुसली, आणि पुसता पुसता कधी कधी आवाजाचे अंगही घासून काढले. 2017 मध्ये त्याच जुन्या ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे आताच्या सारेगामाने, पाच हजार गाणी आत भरलेला ‘कारवाँ’ नावाचा डबा काढला; रूप जुन्या रेडिओसारखे, आणि गिऱ्हाईक मुख्यतः वडिलांना भेट देणारे मुलगे आणि मुली. त्यात बहुतेक गाणी मूळ आवाजात आहेत, हे चांगले. निवड मात्र कंपनीची.

जे निवडीत आले नाही ते कोठे आहे? बरेचसे भंगारात गेले. काही जपले ते वेड्या माणसांनी. 1990 साली मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था उभी केली, नियतकालिक चालविले, कोणती तबकडी कोणत्या क्रमांकाची याच्या याद्या केल्या. जे काम सरकारी संग्रहालयांनी करायचे ते पेन्शनीतल्या माणसांनी पदरमोड करून केले.

दिवाळीच्या झाडलोटीत आपल्याही माळ्यावरून अशी एखादी चळत खाली आली असेल. तबकड्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हाला आणि पणतीच्या धगीला दूर ठेवा, त्या वाकतात. धूळ कोरड्या मऊ फडक्याने टिपा. स्पिरिट लावून चकचकीत करण्याच्या फंदात पडू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी मधल्या कागदी चकतीवरचे गायकाचे नाव आणि क्रमांक एका वहीत उतरून घ्या. घरात कोणी आजी-आजोबा असतील तर लिहिताना त्यांना शेजारी बसवा. चकती पुसट झाली असली तरी नाव ते सांगतील.