वाडा आमचा, यादी कोणाची? : वऱ्हाडातली जुनी घरं आणि ‘हेरिटेज’चा कायदा

मागच्या भागात आपण अमरावतीच्या परकोटाबद्दल बोललो. तो भाग ऐकून एका श्रोत्याने विचारलं, “भिंतीचं ठीक आहे, पण भिंतीच्या आतल्या आमच्या वाड्याचं काय? भाऊबंद म्हणतात विकून टाकू. सरकार त्याला हेरिटेज म्हणून काही देतं का?” प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला मात्र शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

आधी हे वाडे आले कुठून ते बघू. अमरावतीचा कोट 1807 साली निजामाच्या राजवटीत बांधायला घेतला, कारण पेंढारी. आतमध्ये सावकार आणि व्यापारी होते, त्यांना संरक्षण हवं होतं. परीघ सुमारे सव्वादोन मैल. जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट ही नावं आजही ऑटोवाल्याच्या तोंडी आहेत. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. त्या पैशातून घरं उभी राहिली. सागवानी खांब, ओसरी, बैठक, माजघर, धान्याची बळदं. गावाकडे मात्र धाब्याचं घर: वर मातीचं छत, आणि पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची, दरवर्षी. एक वर्ष चुकलं की गळतं. हे ‘दरवर्षी’ लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता कायदा. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. याच कर्झनच्या काळात 1904 चा प्राचीन स्मारक जतन कायदा आला. गंमत अशी की त्या कायद्यात खाजगी मालकाचा विचार होता! सरकारने मालकाशी करार करायचा. मालकाने पाडायचं नाही, देखभाल कशी करायची ते ठरवायचं, आणि खर्च कोणी द्यायचा तेही करारात लिहायचं. 1958 च्या कायद्यातही कराराची ही सोय राहिली. पण नजर कशावर होती? मंदिरं, किल्ले, मशिदी, छत्र्या यांच्यावर. राहतं घर ‘स्मारक’ असू शकतं हे त्या डोक्यात बसणारं नव्हतं.

याचा परिणाम बाळापूरला जाऊन बघा. मन आणि म्हैस नद्यांच्या बेचक्यात किल्ला, आणि मिर्झाराजे जयसिंगांची ती देखणी काळ्या दगडाची छत्री. दोन्ही केंद्र संरक्षित. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने. 1992 च्या आधीच्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. म्हणजे स्मारकाच्या शेजाऱ्याला बंधनं आहेत, मोबदला नाही. त्याचं घर दीडशे वर्षं जुनं असलं तरी त्याला ‘वारसा’ म्हणून काही मिळत नाही. तो म्हणतो, “घर माह्यं, हुकूम तुमचा काहून?” आपल्याकडे उत्तर नसतं.

घरांचा विचार करणारा कायदा आला तो 1995 ला, मुंबईत. विकास नियंत्रण नियमावलीतला 67 वा नियम. यादी, तीन श्रेणी, हेरिटेज समिती. आणि सगळ्यात महत्त्वाचं: यादीत आल्यामुळे ज्याला जास्त मजले चढवता येत नाहीत, त्याला न वापरलेल्या एफएसआयचा टीडीआर. म्हणजे हक्काचं प्रमाणपत्र, बिल्डरला विकता येणारं. सरकारच्या तिजोरीतून रुपया जात नाही आणि मालकाच्या हाती पैसा येतो. मला ही कल्पना हुशार वाटते, अजूनही.

हेच तत्त्व 2016 च्या टीडीआर धोरणात राज्यातल्या इतर शहरांसाठी आलं, आणि 2020 च्या एकत्रित नियमावलीतही आहे, जी अमरावती आणि अकोला दोन्हीकडे लागू आहे. मग अडतं कुठे?

आकडे धरून बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत. समजा 500 चौरस मीटर जागा, एफएसआय 1.1. बांधता येतं 550. वाड्याने वापरलंय 350. उरले 200. एवढा टीडीआर मिळाला. आता तो जिथे वापरायचा तिथला रेडी रेकनर दर दुप्पट असेल, तर सूत्राप्रमाणे तिथे 100 च चौरस मीटर बांधता येतात. यात लबाडी नाही, किंमत तेवढीच राहते. पण किंमत ठरते वाड्याखालच्या जमिनीच्या दरावर. मुंबईत 200 मीटरची रक्कम डोळे फिरवणारी असते. अंबागेटच्या आतल्या बोळात ती तेवढी नसते, आणि सागवान तर दोन्हीकडे महागच. त्यात बिल्डरला महापालिकेकडून अधिमूल्य भरून जास्तीचा एफएसआय थेट घेता येतो. तुमचं प्रमाणपत्र विकत घ्यायला तो का थांबेल?

आणि मुख्य अडचण: टीडीआर एकदाच मिळतो. घर मात्र दरवर्षी गळतं. खारी माती आठवली ना?

अमेरिकेत यावर दोन वेगळ्या वाटा आहेत. केंद्राची करसवलत दुरुस्तीखर्चाच्या 20 टक्के, पण उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच. स्वतः राहत असाल तर नाही. कॅलिफोर्नियाचा 1972 चा मिल्स कायदा मला आपल्या जवळचा वाटतो. मालक आणि शहर यांच्यात किमान दहा वर्षांचा करार, मालकाने घर राखायचं, त्या बदल्यात मालमत्ता कर दरवर्षी कमी. म्हणजे आपला कर्झनवाला करारच, फक्त घरासाठी.

अजून एक गोष्ट, जी या चर्चेत कोणी काढत नाही: भाडेकरू. विदर्भात 1949 चा मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश 2000 सालापर्यंत चालला. घरमालकाला भाडेकरूला नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. भाडेकरूला त्याची गरज होती, मी नाकारत नाही. पण पन्नास वर्षं ज्या वाड्यातून दुरुस्तीपुरतंही भाडं आलं नाही, त्याची तुळई कुजली तर दोष मालकाच्या मनाला द्यायचा का? त्यात वारस सात, सातबाऱ्यासारखी लांबलचक नावांची यादी. टीडीआरच्या अर्जावर त्या सगळ्यांच्या सह्या आणणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम.

तर त्या श्रोत्याला माझं उत्तर असं. आधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा, शहराची हेरिटेज यादी मंजूर आहे का आणि तुमचा वाडा तिच्यात आहे का. यादीत नाव नसेल तर टीडीआरचा प्रश्नच येत नाही. विकायचं ठरलंच, तर पाडण्याआधी वाड्याचं मोजमाप करून नकाशा काढून घ्या, खणाखणाचे फोटो घ्या. आणि भावांना एकदा ओसरीत बसवून हा भाग ऐकवा, बांधकामवाल्याशी बोलण्याआधी.

खापर्डे बगीच्याच्या नावामागचे दादासाहेब खापर्डे आणि 1897 चं अमरावतीचं काँग्रेस अधिवेशन, ते पुढच्या भागात. भेटूया.