सोमल, सेलेनियम आणि शेगावच्या विहिरी

२०२४ साल सरत असताना बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि पुढच्या तीन-चार दिवसांत पुंजक्या-पुंजक्यांनी हातात यायचे. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. बाधितांत महाविद्यालयात जाणारी मुले-मुली बरीच होती. काहींनी सरळ मुंडण करून घेतले, काहींची ठरलेली लग्ने अडली.

पहिला संशय बुरशीवर आला, कोणी शाम्पूचे नाव घेतले, आणि लवकरच सगळ्यांचे लक्ष विहिरीकडे वळले. पाण्याच्या तपासणीत नायट्रेट आणि विरघळलेले क्षार मर्यादेबाहेर निघाले. पण नायट्रेटने केस गळत नाहीत. तेव्हा आर्सेनिक, शिसे यांसारख्या विषारी मूलद्रव्यांसाठी तपासणी करण्याचे ठरले. पाण्यातून येणारे आणि त्वचा, केस, नखे यांवर दिसणारे विष म्हटले की आर्सेनिक आठवावे, हे आता वैद्यकात स्वाभाविक झाले आहे. या संशयाला मोठा इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून शेगावात पुढे काय निघाले याचा अर्थ नीट लागत नाही.

प्रथम पाण्याविषयी. शेगाव तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट पट्ट्यात नदीने भरून काढलेला गाळ. हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. त्यात चिकणमाती भरपूर, जमिनीला उतार जेमतेम, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. जमिनीत मुरलेले पाणी वाहून जात नाही. त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याला लोकांनी दिलेले नाव अगदी नेमके आहे: खारपाणपट्टा.

हा खारेपणा आजचा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांनी १८६९ साली पूर्णेच्या खोऱ्यावर टिपण लिहिले. या खोऱ्यात पूर्वी मिठासाठी विहिरी खोदत आणि त्यांचे पाणी आटवून मीठ काढत. पुढे एप्रिल १९३० मध्ये, दांडीनंतर, वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना कायदा मोडण्यासाठी समुद्र शोधत जावे लागले नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासूनच मीठ तयार करण्यात आले. जवळचा किनारा शेकडो किलोमीटरवर असताना झालेला हा मिठाचा सत्याग्रह भूगोलाच्या तासाला सांगण्यासारखा आहे. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याला नावे ठेवली, ज्याच्याकडे मूत्रपिंडाच्या आजारांसाठी आजही बोट दाखवले जाते, त्याच्यावरच केसगळतीचा आळ आला, यात नवल नाही.

आता आर्सेनिकविषयी. आपल्याकडे या विषाची ओळख फार जुनी आहे. त्याचे पांढरे ऑक्साइड म्हणजे सोमल. गंधकाबरोबरची त्याची दोन खनिजे म्हणजे पिवळा हरताळ आणि तांबूस मनशीळ. पोथीतील चुकीच्या अक्षरांवर हरताळ फासून ती बुजवीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पण ही सर्व ओळख पुडीतल्या विषाची. जमिनीखालच्या पाण्यात सोमल असू शकतो आणि तो वर्षानुवर्षे थोडा थोडा पोटात जाऊन माणसे मारू शकतो, याची भारतात खरी जाग आली ती १९८३ साली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण येऊ लागले होते. त्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके होते, तळहात-तळपाय खरखरीत झाले होते. ही माणसे कूपनलिकेचे पाणी पीत होती. तळ्या-पोखरींच्या पाण्यातून होणारी पटकी आणि हगवण टळावी म्हणून या कूपनलिका खणल्या होत्या, हे दुर्दैव.

गंमत अशी की बंगालच्या गाळात आर्सेनिक फार नाही. किलोमागे काही मिलिग्रॅम इतकेच, म्हणजे कुठल्याही साध्या गाळात असते तेवढे. ते लोहाच्या गंजासारख्या ऑक्साइडांना चिकटून बसलेले असते. गाळात कुजलेली पाने-मुळे पुष्कळ असली की जिवाणू तिथला ऑक्सिजन संपवतात, लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. म्हणजे प्रश्न साठ्याचा कमी आणि रसायनाचा जास्त.

मराठी मुलखाच्या जवळची उदाहरणे निराळी आहेत. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या त्या वेळच्या राजनांदगाव जिल्ह्यात अंबागड चौकीजवळ कौरीकसा नावाचे गाव आहे. तिथल्या पाण्यातील आर्सेनिकची माहिती दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. तिथे गाळाचा संबंध नाही. अतिप्राचीन ज्वालामुखींच्या रायोलाइटसारख्या खडकांतून ते येते. दुसरे उदाहरण उत्तर कर्नाटकातील यादगीर भागाचे. किरदळ्ळी तांडा ही वस्ती मंगळूर या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीजवळ आहे (हे समुद्रकाठचे मंगळूर नव्हे). सोन्याच्या धातुकाबरोबर आर्सेनोपायराइट हे खनिज वर येते. हवा-पाण्याशी गाठ पडली की ते कुजते आणि आर्सेनिक मोकळे होते. एकाच मूलद्रव्याच्या या तीन वाटा झाल्या: गाळ, खडक आणि खाण.

पूर्णेच्या खोऱ्यात यांपैकी काय आहे? सोन्याची खाण नाही, रायोलाइटही नाही. गाळ आहे, पण तो मुख्यतः बेसाल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा. बेसाल्टमध्ये आर्सेनिक कमी असते, किलोमागे साधारण एक-दोन मिलिग्रॅम. तरी बंगालचा धडा ध्यानात घेता केवळ खडक पाहून निर्वाळा देता येत नाही, पाणी मोजावेच लागते. ते मोजायचे ठरले हे योग्यच झाले. मात्र उत्तर तिथे नव्हते.

उत्तर कुठे होते ते सांगण्याआधी आम्ही वाचकांना अमेरिकेत नेणार आहोत, कारण हेच नाटक तिथे एकदा होऊन गेले आहे. १८५६ साली मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर टी. सी. मॅडिसन नावाचे शल्यवैद्य होते. ठाण्यावरील घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडत असून खूर सुजून गळत आहेत, असे त्यांनी नोंदवले. पुढे त्या प्रदेशात शेतकरी वसले तेव्हा त्यांच्याही गुरांना ही व्याधी जडली. लोकांनी तिला ‘अल्कली रोग’ म्हटले. का? तर तिथल्या झऱ्यांचे आणि विहिरींचे पाणी खारे होते, जमिनीवर पांढरे क्षार फुटत होते. रोगाचे नाव ठेवतानाच गुन्हेगार ठरून गेला. जवळजवळ सत्तर-पंचाहत्तर वर्षे हा आळ पाण्यावरच राहिला.

१९३० च्या सुमारास दक्षिण डाकोटाच्या शेतकी प्रयोगकेंद्रातील कर्ट फ्रँके यांनी त्या भागातले धान्य उंदरांना खाऊ घातले. पाणी चांगले देऊनही उंदीर आजारी पडले आणि मेले. दोष दाण्यात होता. डब्ल्यू. ओ. रॉबिन्सन यांनी १९३३ साली अशा गव्हात सेलेनियम असल्याचे दाखवून दिले. त्या मैदानाखाली प्राचीन समुद्रात साचलेल्या चिखलाचे दगड, म्हणजे शेल आहेत. त्यांतले सेलेनियम मातीत, मातीतून रोपात आणि रोपातून जनावरात जात होते.

सेलेनियम हे १८१७ साली बर्झेलियसने शोधलेले मूलद्रव्य. चंद्रदेवता सेलीनीवरून त्याने हे नाव दिले. वर्गात आवर्तसारणी टांगलेली असेल तर ती पाहावी. ३३ क्रमांकाला आर्सेनिक, लगेच शेजारी ३४ ला सेलेनियम, आणि सेलेनियमच्या डोक्यावर गंधक. केस आणि नखे केराटिन या प्रथिनाची बनतात आणि त्यांचे बळ गंधकाच्या दुव्यांत असते. सेलेनियम इतके गंधकासारखे असते की ते त्याच्या जागी जाऊन बसते, पण तो दुवा तसा पक्का होत नाही. शरीराला सेलेनियम लागतेही, मात्र दिवसाला मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाइतके. ०.४ मिलिग्रॅमच्या वर रोज गेले की धोका सुरू होतो. जीवनसत्त्व आणि विष यांच्यातले अंतर इतके थोडे असलेली मूलद्रव्ये फार नाहीत.

माणसांत याचा मोठा उद्रेक चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात झाला. अवर्षणाने भात बुडाला आणि लोकांना सेलेनियमयुक्त जमिनीतल्या मक्यावर व भाजीपाल्यावर दिवस काढावे लागले. केस गेले, नखे गेली. पुढे अभ्यासकांनी तिथले रोजचे सेवन सरासरी सुमारे ५ मिलिग्रॅम असल्याचे काढले.

आता शेगावला परत येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने गावांत जाऊन नमुने घेतले. दुसरीकडे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. विंचूदंशावरील उपचारांसाठी ते जगभर ओळखले जातात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आढळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बावस्करांनी आपला निष्कर्ष जाहीर केला: सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडचा असावा. त्यांनी तपासलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. बाधितांची संख्या १८ गावांत २७९ अशी सांगण्यात आली. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागात शिवालिकच्या पावसाळी ओढ्यांनी आणलेल्या मातीत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने अनेक वर्षांपूर्वीच दाखवलेले आहे.

गव्हाच्या उगमाबद्दल वाद होऊ शकतो, म्हणून एक साधे गणित करून पाहू. आठवी-नववीच्या मुलांना ते सहज जमेल. १४.५२ मिलिग्रॅम प्रतिकिलो या गव्हाचे ३०० ग्रॅम पीठ रोज खाल्ले तर पोटात सुमारे ४.४ मिलिग्रॅम सेलेनियम जाईल. ही सुरक्षित मर्यादेच्या अकरा पट आणि एन्शीच्या अगदी जवळची रक्कम झाली. तेवढेच सेलेनियम ३ लिटर पाण्यातून यायचे तर दर लिटरला जवळजवळ १.४५ मिलिग्रॅम हवे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादा आहे ०.०१. म्हणजे विहिरीत मर्यादेच्या १४५ पट सेलेनियम असायला हवे. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही लोकांची नखे वेडीवाकडी होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. एन्शीतही केसांबरोबर नखे गेली होती, हे वर आलेच आहे.

या कथेत आर्सेनिकचे आणखी एक विलक्षण पात्र आहे. डाकोटातल्याच ॲल्विन मॉक्सन यांनी १९३८ साली असे दाखवले की सेलेनियमयुक्त धान्य खाणाऱ्या उंदरांना पाण्यातून थोडे आर्सेनिक दिले तर ते विषबाधेतून वाचतात. आर्सेनिकमुळे सेलेनियम पित्तावाटे बाहेर टाकले जाते, असे पुढच्या संशोधनातून कळले. दोन विषे एकमेकांना आवरतात. अर्थात हा उपाय म्हणून कोणी करून पाहण्याचा विषय नाही. पण शेगावच्या पाण्यात ज्या मूलद्रव्याचा शोध घ्यायचे ठरले, ते या विषाचे जुने विरोधक आहे, याची आम्हांला गंमत वाटते.

राहता राहिली विहीर. केसांच्या बाबतीत तिच्यावरचा आळ टिकत नाही, पण म्हणून तिचे पाणी पिण्याजोगे होत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी करते, आणि मूल निळसर पडते. हे नायट्रेट खतांतून, उकिरड्यांतून आणि शोषखड्ड्यांतून झिरपते. पंजाबच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही. केसगळतीची चौकशी झाली नसती तर त्या विहिरींचे आकडे एकत्र कागदावर आले असते की नाही, कोण जाणे. ते आता आले आहेत, आणि शेगाव तालुक्यातील कोणत्याही शाळेला आपल्या गावच्या विहिरीचा आकडा ग्रामपंचायतीकडे मागता येईल.