पहारा आणि हाक



वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आपले अनसिंग. येथे माझी एक वृद्ध मावशी एकटी राहते. तिच्या मुलाने पुण्याहून दोन वस्तू धाडल्या. एक दाराला लावायचा घंटीचा कॅमेरा, आणि दुसरा बोलणारा डबा, ज्याला आजकाल स्मार्ट स्पीकर म्हणतात. दाराशी कोणी आले की डब्याने सांगावे, गुडघ्याने अधू झालेल्या मावशीने उगाच उठू नये, एवढाच हेतू. कॅमेरा लागला, डबाही बोलू लागला. पण दोघे एकमेकांशी बोलेनात. पुण्यातील मुलाला आपल्या मोबाइलवर आईची ओसरी स्वच्छ दिसत होती. घरातल्या आईला मात्र काही कळत नव्हते. दोन रात्री ती बिचारी चाहूल लागली की उठून दाराशी जात राहिली. ह्या खटाटोपात मी दोन दिवस घालविले, आणि त्यातूनच आजचा विषय सुचला.

पहारा आणि हाक ह्या दोन गोष्टी मुळात एकच होत्या. गावचा जागल्या पाहत असे आणि ओरडतही असे. त्याच्या डोळ्यांची आणि घशाची जोडणी कोणाला करावी लागत नसे. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे मला पसंत नाही. ते काम जातीने लादलेले होते, आणि महार वतनाचे जोखड उतरावे म्हणून १९२८ साली डॉ. आंबेडकरांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणावे लागले. परंतु जागल्याच्या पहाऱ्यात एक गुण होता: पाहणारा आणि सांगणारा वेगळे नव्हते.

यंत्रे आली तेव्हाही हा गुण प्रथम टिकून होता. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मौजेची गोष्ट अशी की, त्याच वर्षी अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने चोरघंटीचे पेटंट घेतले. दार वा खिडकी उघडली की विजेचे मंडल पुरे होई आणि घंटा वाजे. इकडे १८९७ साली मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. पण कुलूप मुके असते, ते अडविते, सांगत नाही. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ह्या परिचारिकेने आणि तिच्या पतीने १९६६ साली अर्ज केलेल्या आणि १९६९ साली पेटंट मिळालेल्या योजनेत तर दारावरचा कॅमेरा, आत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि दूरून कडी काढण्याचे बटण, सारे एका जागी होते.

माणसाचा शब्द ओळखणारे यंत्र निराळ्याच घराण्यातले. १९५२ साली बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ जन्मली; तिला शून्य ते नऊ एवढे आकडेच कळत, आणि तेही ओळखीच्या आवाजात. पुढे २०१४ साली अ‍ॅमेझॉनची अलेक्सा आली, २०१९ साली ती हिंदी बोलू लागली; गूगलच्या असिस्टंटला फोनवर मराठी २०१८ साली आली. आम्ही आणलेल्या डब्याला मात्र हिंदी-इंग्रजीच समजे.

आता रोगाचे मूळ पाहा. डबा आणि कॅमेरा एका भिंतीआड असले, तरी बहुधा ते परस्परांशी थेट बोलत नाहीत. डब्याचा निरोप इंटरनेटवरून त्याच्या कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो, तेथून कॅमेऱ्याच्या कंपनीच्या संगणकाकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. म्हणजे वाड्यातल्या दोन भावांनी एकमेकांशी वकिलांमार्फत बोलावे तसा प्रकार! ह्या दोन वकिलांची ओळख घरधन्याने संमती देऊन करून द्यावी लागते. एकाचा पासवर्ड बदलला तर ही ओळख पुष्कळदा मोडते. मग जोड तोडून पुन्हा जोडावी.

परंतु त्याआधी कॅमेरा स्वतःच्या अ‍ॅपमध्ये दिसतो की नाही, हे पाहावे. तेथेच दिसत नसेल तर डब्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पुष्कळसे स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांना ऐकूच येत नाहीत. आमचा कॅमेरा दिसत होता, म्हणून हे कारण बाद झाले. खरी गोष्ट अशी निघाली की, कॅमेरा मुलाच्या खात्यावर होता, डबा माझ्या, आणि ती दोन खाती कोणी जोडलीच नव्हती. ती जोडली. तरी मावशीने विचारले की उत्तर नाही! कारण कॅमेऱ्याचे नाव मुलाने इंग्रजीत ‘फ्रंट डोअर’ ठेवलेले, आणि मावशी म्हणे ‘वसरी’. नाव ‘दरवाजा’ केले, तेव्हा कोठे दोघांचे जमले.

निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एक भाषा असावी म्हणून २०२२ साली ‘मॅटर’ नावाचा संकेत ठरला; पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत कॅमेरे नव्हतेच.

मुलाला पुढे कुलूपही आवाजाने उघडणारे हवे होते. मी त्याला लाल महालाची आठवण दिली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांच्या माणसांना मोगली पहारेकऱ्यांनी हटकले, तेव्हा आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई असून चौकीवर जात आहोत, असे त्यांनी सांगितले, अशी हकीकत जदुनाथ सरकार देतात. पहारा जागा होता, हाकही दिली होती; फसला तो आवाजावर विश्वासून. आवाजाने कुलूप उघडताना वर आकडी संकेतही विचारतात, तो ह्याचसाठी. तो संकेत मोठ्याने बोलायचा, आणि मावशीचे दार रस्त्यावर! कुलपाचा बेत तूर्त राहिला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली आणि डबा हिंदीत म्हणाला, दरवाज्यावर कोणीतरी आहे. मावशीने जागेवरूनच आवाज दिला, “कोन हाये रे?” दूधवाल्याने बाहेरून ओ दिली.