पेशींची एकजूट

भिंतींतील विटांना चुना सांधतो. मग कोट्यवधि पेशींचें मनुष्यशरीर कशानें सांधलेलें असतें? इ. स. १९०७ सालीं अमेरिकेंतील विल्सन यांनीं जिवंत समुद्री स्पंज रेशमी कापडांतून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पाण्यांत पुन्हां एकत्र आल्या आणि त्यांतून नवा स्पंज वाढला!

पेशींना एकमेकींची ओढ असते, हें त्यावरून उघड झालें. कर्करोगांत ती ओढ उरते काय? १९४४ सालीं अमेरिकेंतच कोमन यांनीं सूक्ष्म सुयांनीं पेशींच्या जोड्या ताणून पाहिल्या. कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षां पुष्कळच थोड्या बळानें विलग झाल्या. रोग मूळ जागा सोडून अन्यत्र कां पसरतो, याचा एक धागा येथें हातीं लागला.

मनुष्यादि प्राण्यांतील ह्या सांध्याचें एक मुख्य द्रव्य जपानचे ताकेइची यांनीं शोधलें. कॅल्शियम असेल तरच पकड धरणारें तें प्रथिन. १९८४ सालीं त्यास ‘कॅडहेरिन’ हें नांव मिळालें.

न्यूझीलंडमधील एका माओरी कुळांत जठराचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या तरुणांचे बळी घेत होता. त्याचें मूळ ह्याच जातीच्या एका प्रथिनाच्या सदोष जनुकांत असल्याचें १९९८ सालीं सिद्ध झालें. तेव्हांपासून रक्ततपासणीनें हा दोष आधींच कळूं लागला, आणि तो आढळलेल्या अनेकांनीं रोग बळावण्यापूर्वींच जठर काढवून घेतलें.