संकेत-आरसा
संकेत-आरसा : ऊन परावर्तित करून दूरच्या माणसाचे लक्ष वेधण्याचे साधन. रानात वाट चुकली, मोबाइलला रेंज नाही किंवा जखमी सोबत्याला हलवता येत नाही, अशा वेळी हाताशी असलेली सपाट, चकचकीत वस्तू यासाठी वापरता येते.

इतिहास : भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे पहिले अधीक्षक विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले, त्यांची कबर तेथेच आहे. अशा सर्वेक्षणात दूरच्या केंद्रावर ऊन टाकणारे हेलिओट्रोप हे उपकरण कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८२१ मध्ये तयार केले होते. भारतात त्याचा वापर लॅम्टन यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी केला. हेन्री मॅन्स यांच्या हेलिओग्राफमुळे (१८६९) आरशाने मोर्स लिपीत निरोप धाडता येऊ लागले.

तत्त्व : सूर्यबिंबाचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असतो. त्यामुळे सपाट आरशावरून निघालेला झोत एक किलोमीटरवर जेमतेम नऊ मीटर पसरतो. शिवाय आरसा जितका वळवावा त्याच्या दुप्पट कोनातून झोत वळतो. म्हणून आरशाच्या आकारापेक्षा नेमाला महत्त्व अधिक.

साधने व पद्धत : खिशातला आरसा सर्वांत चांगला, तो नसल्यास जुनी सीडी किंवा डब्याचे सपाट झाकण चालते. दुचाकीचा बहिर्वक्र आरसा झोत फाकवतो, त्यामुळे तो दुरून क्षीण दिसतो. आरसा डोळ्याजवळ धरून दुसरा हात लांब करावा, दोन बोटांच्या बेचक्यात लक्ष्य घ्यावे आणि परावर्तित ऊन त्या बोटांवर पडेल असा आरसा कलता करावा. मग तो हळूहळू हलवावा. सीडीच्या मधल्या भोकातून पाहिल्यास नेम सोपा जातो. ओळीने तीन झोत, थोडे थांबून पुन्हा तीन, ही संकटाची खूण होय. प्रतिसाद मिळाल्यावर वाहनचालकाच्या किंवा वैमानिकाच्या डोळ्यांवर झोत धरू नये.

मर्यादा : वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यातील निरभ्र आकाश या साधनाला अनुकूल असते, पावसाळी ढगांत ते निकामी ठरते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील टेकड्यांवर किंवा बोर परिसरातील सागाच्या रानात झाडोऱ्याखाली झोत अडतो, म्हणून मोकळा माथा किंवा जलाशयाचा काठ गाठावा. वाघांचा वावर असलेल्या बोर व्याघ्र प्रकल्पात मात्र वाहन सोडून जागा शोधत फिरू नये. खोलगट चकचकीत भांडे वापरू नये. एकवटलेल्या किरणांनी वाळला पाचोळा पेटू शकतो.

आरसा हा पूरक उपाय आहे. निघण्यापूर्वी वाट व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी आणि रेंज मिळताच ११२ या क्रमांकावर कळवावे.